उशाकडच्या विटा

लगमव्वा म्हणते, घाटात झोपल्यागत वाटतंय.
पहाटे आम्ही दोघंही पायथ्याशी,
चादर, उशी, तिच्या केसातली पिन
सगळं घसरून खाटेच्या खालच्या पट्टीला टेकलेलं.

विटा हिरण्यकेशीकाठच्या भट्टीतल्या.
उशाकडच्या दोन पायांखाली दोन-दोन,
डॉक्टर हुक्केरीमठांनी अंगठा-करंगळी ताणून दाखवलं तेवढ्याच उंच.
उशा रचून भागत नाही म्हणाले, पोट दुमडतं,
खाटच उचला.
मग कागदावर लिहिता लिहिता, मान वर न करता :
'खारा बिड्री. ऊटा लगू माड्री.'

खारा बिड्री!
संकेश्वरच्या अडतीत एकतीस वर्षं दिवाणजी मी.
पोत्याचं तोंड सुटलं
की शिंकेवरून दर सांगतो.
माझ्या सदऱ्याला, पाकिटातल्या नोटांना,
नातवाच्या पाप्यालासुद्धा मिरचीचा वास.

त्या रात्री मात्र भाच्याच्या जीपमध्ये
छातीवर हात दाबून बेळगावपर्यंत गेलो,
वाटेत मनातल्या मनात येणी-देणी लिहून टाकली,
पाटलाचे बाराशे तेवढे राहिले.
यंत्रातून लांब कागद निघाला.
हृदय चांगलं आहे काका, ती पोरगी म्हणाली,
आणि मला जरा लाजच वाटली.
एवढी बोंब, आणि निघालं पित्त.

मग वही घातली.
अडतीतलीच, लाल कापडाची,
डावीकडे काय गेलं, उजवीकडे काय वर आलं.
'मंगळवार. रिकाम्या पोटी चहा दोन.
दुपारी पोत्यावर डुलकी.
रात्री दहाला झुणका, लगेच अंथरूण.
अडीचला घशाशी आंबट पाणी.'
'बुधवार. सदर. चहा तीन.'
'शुक्रवार. दुपारी भाकरीबरोबर ठेचा, बोटावर मावेल एवढा.
काही नाही.'
काही नाही, हे मी दोनदा गिरवलं.

दीड महिन्यानं बेरीज मारली.
मिरचीच्या नावावर निघालं थोडंसं,
चहाच्या नावावर बरंच,
आणि सगळ्यात मोठी बाकी
त्या दहाच्या ताटाची, आणि ताटावरून उठून
तसंच आडवं होण्याची.
उगाच शिव्या घातल्या तुला,
मी पोत्याला म्हणालो. हमाल बघायला लागला.

आता सातला जेवतो. एकटाच.
ज्वारीची भाकरी, दोडका, ताटात जागाच जागा.
सून म्हणते, मामांचं ताट म्हणजे दवाखान्याचं.
नऊला घर जेवायला बसतं तेव्हा
मी उंबऱ्यात, करगोटा सैल करून,
फोडणीचा वास घेतो, आणि तेवढ्यावर उठतो.
डाव्या कुशीवर झोपतो.
डाव्या कुशीला भिंत आहे.
बत्तीस वर्षं तिच्याकडे तोंड करून झोपलो, हे तेव्हा कळलं.
भिंत काही बोलत नाही, लगमव्वा पाठीमागून बोलते.

परवा मेहुण्याकडे जत्रा, गडहिंग्लजला.
पंगत बसायला अकरा वाजले.
रस्सा असा, की वही घरी राहिली हे बरंच झालं.
जेवून सगळे मांडवात आडवे झाले, जिथं जागा मिळेल तिथं.
मी खुर्चीवर ताठ.
तीन तास, डॉक्टरांनी सांगितलेले.
आण्णाप्पा विडा चघळत शेजारी येऊन बसला.
बांधाच्या भांडणानंतर आठ वर्षं
आम्ही फक्त लग्नपत्रिकांतून बोलत होतो.
झोप येत नाही? म्हणाला.
येते, म्हटलं, पण घेता येत नाही.
तो हसला. त्याचंही तसंच, म्हणाला,
चुलीवरच्या दुधागत उतू येतं, कुणाला सांगू?
मग दोन माणसं, दोन्ही छातीवर हात ठेवून,
बांध सोडून सगळ्यावर बोलत राहिली.

दोनच्या सुमाराला न्हाणीकडे खडखड झाली.
अंधारात लगमव्वा वाकलेली.
'काय हुडकालीस गं?' भावानं विचारलं.
पदर खोचून, पायरीचा दगड चाचपत,
मागं न बघता ती म्हणाली,
'विटा.'